ग्रंथपालांसाठी एक्सएमएल : चिन्हांकनाची मूलतत्त्वे आणि मराठी ग्रंथनोंदी

सारांश : महाविद्यालयीन ग्रंथालयांतील नोंदी संगणकावर आल्या, तरी त्या बहुधा एखाद्या विशिष्ट आज्ञाप्रणालीशी किंवा फॉन्टशी बांधलेल्या असतात. प्रणाली बदलताना वर्षानुवर्षांचे श्रम वाया जाण्याचा धोका त्यातून निर्माण होतो. प्रस्तुत लेखात एक्सएमएल या चिन्हांकन भाषेची मूलतत्त्वे मराठी ग्रंथनोंदींच्या आधारे स्पष्ट केली असून, तालिकीकरण जाणणाऱ्या ग्रंथपालास ही भाषा फारशी परकी नाही, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : एक्सएमएल, चिन्हांकन, तालिकीकरण, मार्क, युनिकोड, डब्लिन कोअर.

१. प्रस्तावना

कारंजा (घाडगे) हे वर्धा जिल्ह्यातील, नागपूर–अमरावती महामार्गावरील तालुक्याचे गाव. कारंजा (लाड) हे वाशिम जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जैन हस्तलिखितांची भांडारे यांमुळे ते अभ्यासकांना परिचित आहे. रायबहादूर हिरालाल यांनी सिद्ध केलेली, मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली नागपूर येथून प्रसिद्ध झाली. तीत या भांडारांतील हस्तलिखितांचा समावेश आहे. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या ग्रंथांत हेच गाव अकोला जिल्ह्यात दाखविलेले आढळते.

आता असे समजू या की, घाडग्यांच्या कारंज्याचा स्थानिक इतिहास अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्याने ग्रंथालयाच्या संगणकावर 'कारंजा' हा शब्द शोधला. त्याच्यासमोर दोन्ही गावांचे ग्रंथ एकत्र येतील. एखाद्या पुस्तकाच्या शीर्षकातील 'कारंजा' आणि उद्यानातील पाण्याचा 'कारंजा' हेही त्यांत मिसळतील. ग्रंथपाल नोंद पाहताच हा भेद ओळखतो. संगणकास मात्र तो ओळखता येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती केवळ अक्षरांची एक रांग असते. मजकुराचा कोणता भाग कशाचा निदर्शक आहे, हे संगणकाला कळेल अशा रीतीने लिहून ठेवणे म्हणजेच चिन्हांकन होय. एक्सएमएल ही त्यासाठीची सर्वमान्य पद्धती आहे.

२. एक्सएमएल म्हणजे काय?

एक्सएमएल म्हणजे एक्स्टेन्सिबल मार्कअप लँग्वेज, अर्थात विस्तारक्षम चिन्हांकन भाषा. १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेली एसजीएमएल ही तिची पूर्वसूरी. ती समर्थ असली तरी फार गुंतागुंतीची होती. तिचे सुटसुटीत रूप म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल १.० ची शिफारस प्रसिद्ध केली.

संकेतस्थळांसाठी वापरली जाणारी एचटीएमएल आणि एक्सएमएल यांतील फरक आरंभीच लक्षात घेणे आवश्यक आहे. एचटीएमएलमधील टॅग ठरावीक असतात आणि ते मुख्यतः परिच्छेद, मथळा, तक्ता अशी पानाची मांडणी सांगतात. एक्सएमएलमध्ये टॅगची नावे वापरणाऱ्याने आपल्या गरजेनुसार ठरवावयाची असतात आणि ती मजकुराचा अर्थ सांगतात. शीर्षक ठळक अक्षरांत छापावे की तिरप्या, याच्याशी एक्सएमएलला कर्तव्य नाही. हे शीर्षक आहे, एवढेच ती नोंदविते.

ही कल्पना ग्रंथालयशास्त्राला नवी नाही. शं. ग. दाते यांच्या १८०० ते १९३७ या कालखंडातील ग्रंथांच्या 'मराठी ग्रंथसूची'सारख्या कामातही प्रत्येक नोंदीचे घटक वेगळे केलेले असतात. छापील सूचीत किंवा तालिका-पत्रावर हे वेगळेपण क्रम, विरामचिन्हे आणि मोकळी जागा यांतून दाखविले जाते. एक्सएमएलमध्ये तेच काम टॅग करतात.

३. एका नोंदीचे उदाहरण

विनोबा भावे यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली. पुढे पवनारच्या आश्रमामुळे विनोबांचे नाव वर्धा जिल्ह्याशी कायमचे जोडले गेले, आणि जिल्ह्यातील ग्रंथपालाच्या हाताखालून हा ग्रंथ अनेकदा जातो. त्याची नोंद पुढीलप्रमाणे करता येईल. यातील दाखल क्रमांक केवळ नमुन्यादाखल आहे.

<ग्रंथ दाखलक्रमांक="१२४५">
  <शीर्षक>गीता प्रवचने</शीर्षक>
  <व्यक्ती भूमिका="प्रवचनकार">भावे, विनोबा</व्यक्ती>
  <व्यक्ती भूमिका="लेखनिक">साने, पांडुरंग सदाशिव</व्यक्ती>
  <विषय>भगवद्गीता</विषय>
  <भाषा>मराठी</भाषा>
</ग्रंथ>

यात कोनी कंसांतील शब्दास टॅग म्हणतात. आरंभीचा टॅग, मजकूर आणि तिरप्या रेषेसह येणारा अंतिम टॅग मिळून एक घटक होतो. आरंभीच्या टॅगमध्ये अवतरणचिन्हांत दिलेली जादा माहिती म्हणजे गुणधर्म. येथे 'भूमिका' हा गुणधर्म महत्त्वाचे काम करतो. दोन्ही नावे 'लेखक' या एकाच रकान्यात भरली असती, तर साने गुरुजी या ग्रंथाचे सहलेखक ठरले असते; त्यांचे नाव गाळले असते, तर त्यांच्या श्रमाची नोंदच राहिली नसती.

प्रस्तावनेतील अडचणही याच मार्गाने सुटते :

<स्थळ जिल्हा="वर्धा">कारंजा</स्थळ>
<स्थळ जिल्हा="वाशिम" पूर्वीचा-जिल्हा="अकोला">कारंजा</स्थळ>

आता शोध घेताना केवळ स्थळ म्हणून आलेला आणि वर्धा जिल्ह्यातीलच 'कारंजा' मागता येतो. टॅगची नावे देवनागरीत देता येतात, हेही येथे दिसून येईल. एक्सएमएल युनिकोडवर आधारलेली असल्याने तिच्या नियमांत यास पूर्ण मुभा आहे.

४. सुरचनेचे नियम

एक्सएमएल लेखन नियमबद्ध असले, तरच संगणक ते वाचतो. अशा लेखनास सुरचित म्हणतात. त्याचे प्रमुख नियम पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) संपूर्ण दस्तऐवजात सर्वांना सामावून घेणारा एकच मूळ घटक असावा. शंभर ग्रंथांच्या नोंदी करावयाच्या असल्यास त्या सर्व 'ग्रंथसूची' अशा एका घटकाच्या पोटात ठेवाव्यात.

(आ) उघडलेला प्रत्येक टॅग बंद करावा.

(इ) घटक एकमेकांत पूर्णपणे सामावलेले असावेत. मोठ्या डब्यात लहान डबा ठेवताना लहान डब्याचे झाकण आधी लावावे लागते, तसाच हा क्रम आहे. आत उघडलेला टॅग आतच बंद झाला पाहिजे.

(ई) टॅगच्या नावात मोकळी जागा नसावी आणि नावाचा आरंभ अंकाने होऊ नये.

(उ) आरंभीच्या व अंतिम टॅगचे लेखन तंतोतंत एकच असावे. रोमन लिपीत लहान व मोठी अक्षरे भिन्न मानली जातात. देवनागरीत तो प्रश्न नाही. मात्र ऱ्हस्व-दीर्घाचा आहे. 'शीर्षक' असा उघडलेला टॅग 'शिर्षक' असा बंद केल्यास संगणक चूक दाखवितो. शुद्धलेखनाबाबत इतका काटेकोर परीक्षक क्वचितच आढळेल.

(ऊ) गुणधर्माचे मूल्य नेहमी अवतरणचिन्हांत द्यावे. प्रकाशकाच्या नावात येणारे '&' हे चिन्ह मजकुरात थेट लिहिता येत नाही; त्यासाठी ठरवून दिलेले सांकेतिक रूप वापरावे लागते.

दस्तऐवजाच्या पहिल्या ओळीत एक्सएमएलची आवृत्ती आणि यूटीएफ-८ ही अक्षरसंकेतन पद्धती जाहीर करण्याचा प्रघात आहे. ही घोषणा ठरावीक रोमन अक्षरांतच करावी लागते.

५. सुरचित आणि प्रमाणित

व्याकरणदृष्ट्या शुद्ध वाक्यही अपुरी माहिती देऊ शकते. त्याचप्रमाणे एखादी नोंद सुरचित असूनही तिच्यात दाखल क्रमांक नसू शकतो. कोणते घटक अनिवार्य, कोणते ऐच्छिक, कोणता घटक किती वेळा यावा, हे ठरविणारा आराखडा स्वतंत्रपणे लिहिता येतो. त्याचे डीटीडी आणि स्कीमा असे दोन प्रकार प्रचलित आहेत. आराखड्याशी जुळणाऱ्या दस्तऐवजास प्रमाणित म्हणतात. तालिका-संहितेचे नियम ग्रंथपालासाठी जे कार्य करतात, तेच हा आराखडा संगणकासाठी करतो.

मजकूर आणि मांडणी वेगळी असल्याने एकच नोंद अनेक रूपांत वापरता येते. एक्सएसएलटी या १९९९ पासूनच्या रूपांतर-भाषेच्या साहाय्याने त्याच नोंदीतून तालिका-पत्र, नवीन ग्रंथांची यादी किंवा विषयवार सूची तयार होते. नोंद पुन्हा टंकित करावी लागत नाही.

६. आंतरराष्ट्रीय मानके

प्रत्येक ग्रंथालयाने स्वतःचे टॅग बनविले, तर नोंदींची देवाणघेवाण अशक्य होईल. म्हणून स्वनिर्मित देवनागरी टॅग अभ्यासासाठी आणि अंतर्गत कामासाठी ठीक असले, तरी देवाणघेवाणीसाठी मान्य मानकांचाच आधार घ्यावा लागतो.

यांपैकी मार्क हे मानक अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात हेन्रिएट अव्हराम यांच्या नेतृत्वाखाली विकसित झाले. त्यात १०० हा व्यक्तिनाम-मुख्य नोंदीचा, २४५ हा शीर्षकाचा, तर ०८२ हा ड्युई वर्गांकाचा क्रमांक आहे. पारंपरिक मार्क नोंद यंत्रासाठी असल्याने उघड्या डोळ्यांनी वाचणे कठीण जाते. तीच नोंद एक्सएमएलमध्ये मांडणारे मार्कएक्सएमएल हे रूप लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००२ च्या सुमारास उपलब्ध केले. त्यात क्रमांक तेच राहतात. फक्त ते गुणधर्म म्हणून लिहिले जातात.

डब्लिन कोअर हे दुसरे मानक १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातील डब्लिन येथे झालेल्या कार्यशाळेतून पुढे आले. शीर्षक, निर्माता, विषय, दिनांक, भाषा इत्यादी पंधरा मूलघटकांचे हे मानक नवशिक्यास सोयीचे आहे. प्रबंधांचे राष्ट्रीय भांडार असलेले शोधगंगा ज्या डीस्पेस प्रणालीवर उभे आहे, तिच्यातील नोंदी याच धर्तीच्या आहेत. कोहा या मुक्त प्रणालीतही मार्कएक्सएमएल नोंदी आत घेता व बाहेर काढता येतात.

७. मराठी ग्रंथालयांपुढील प्रश्न

युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी नोंदी विविध खासगी फॉन्टमध्ये टंकित होत असत. यांपैकी अनेक फॉन्टमध्ये संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरांचे संकेत साठविले जात आणि पडद्यावर फक्त देवनागरी आकृती दिसे. फॉन्ट नाहीसा झाला की 'ज्ञानेश्वरी'च्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागतात. अशा नोंदी शोधता येत नाहीत, अकारविल्हे लावता येत नाहीत आणि दुसऱ्या प्रणालीत नेता येत नाहीत. ग्रंथालयाने प्रणाली बदलली की हजारो नोंदी पुन्हा टंकित करण्याची वेळ येते. हे काम बहुधा एकट्या ग्रंथपालावर आणि एखाद्या परिचरावर पडते.

एक्सएमएल हा यावरील संपूर्ण उपाय नव्हे. चुकीच्या संकेतनातील मजकुराभोवती टॅग घातल्याने तो शुद्ध होत नाही. प्रथम युनिकोडमध्ये रूपांतर, नंतर मानवी तपासणी आणि त्यानंतर चिन्हांकन, हाच क्रम योग्य ठरतो. मात्र एकदा असे केलेली नोंद साध्या मजकुराच्या स्वरूपात राहते. ती उघडण्यास विशिष्ट कंपनीच्या प्रणालीची गरज नसते, आणि प्रणाली बंद पडली तरी माहिती हाती राहते. म्हणून कोणतीही प्रणाली स्वीकारताना तिच्यातून सर्व नोंदी मार्कएक्सएमएल किंवा तत्सम खुल्या स्वरूपात बाहेर काढता येतात काय, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारला जाणे अगत्याचे आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीवरील प्राध्यापकांनीही तो विचारला पाहिजे.

८. अभ्यासाचा आरंभ

या अभ्यासासाठी खर्चिक साधने लागत नाहीत. नोटपॅडसारख्या साध्या संपादकात ग्रंथालयातील दहा पुस्तकांच्या नोंदी वरील नमुन्याप्रमाणे लिहाव्यात. यूटीएफ-८ हा पर्याय निवडून आणि धारिकेच्या नावास एक्सएमएल हे विस्तारनाम रोमन लिपीत जोडून ती जतन करावी व ब्राउझरमध्ये उघडावी. रचना शुद्ध असल्यास नोंदी वृक्षरूपात दिसतात. चूक असल्यास ब्राउझर ती कोणत्या ओळीत आहे ते बहुधा सांगतो. त्यानंतर त्याच दहा नोंदी डब्लिन कोअरच्या घटकांत बसवून पाहाव्यात. कोणती माहिती कोठे बसते आणि कोणती बसत नाही, हे या सरावातून कळते.

९. समारोप

एक्सएमएल शिकणे म्हणजे संगणक-अभियंता होणे नव्हे. ग्रंथाचे घटक वेगळे करणे, व्यक्तींच्या भूमिका ओळखणे, समान नावांतील भेद राखणे ही ग्रंथपालाची नित्याची कामे आहेत. एक्सएमएल ती यंत्रास वाचता येईल अशा रूपात लिहिण्याची सोय करून देते. दोन कारंज्यांतील फरक आज ग्रंथपालाच्या स्मरणात असतो आणि त्याच्या निवृत्तीबरोबर तो ग्रंथालयातून निघून जातो. तो नोंदीतच लिहिला गेला, तर नंतर येणाऱ्या ग्रंथपालास आणि वाचकासही त्याचा उपयोग होईल.