दगडाची परीक्षा लिंबाच्या थेंबाने

नागपूरच्या बेसा भागातल्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. नव्या घरात स्वयंपाकघराच्या मधोमध सहा बाय तीन फुटांचं ‘किचन आयलंड’ करायचं आहे. दुकानदार पांढरा संगमरवर, ग्रॅनाइट आणि ‘क्वार्टझाइट’ अशा तीन लाद्या दाखवतो. घ्यावं काय? बहुतेक घरांसाठी माझं उत्तर ‘काळा ग्रॅनाइट’ असंच आहे. पण त्यामागचं कारण कळलं, तर दुकानातल्या पन्नास नावांतून तुमची निवड तुम्हालाच करता येईल. आणि ते कारण समजून घ्यायला नागपूरसारखं गाव नाही.

संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्साइट, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर संत्र्याचा रस सांडला, लिंबाची फोड पालथी राहिली किंवा चिंचेच्या कोळाचा ओघळ आला, की आम्लाची दगडाशी रासायनिक क्रिया सुरू होते. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात झिजतो आणि तेवढ्या जागेची चकाकी जाते. आपण त्याला डाग म्हणतो आणि घासत बसतो. पण तिथला दगडच गेलेला असतो, त्यामुळे घासून काही निघत नाही. दुकानात ‘सीलर’ लावून देतात. तो तेल आणि हळद आत मुरण्याचा वेग कमी करतो, पण पृष्ठभागावर होणारी आम्लाची क्रिया थांबवत नाही. कडप्पा, कोटा आणि शहाबादी हे तिन्ही चुनखडकच. जुन्या घरांतल्या कडप्प्याच्या ओट्यावर निस्तेज पांढरट ठिपके दिसत, ते याच क्रियेमुळे. शिवाय मोस यांच्या १८१२ च्या कठीणतेच्या मापपट्टीवर कॅल्साइट ३ वर आहे आणि सुरीचं पोलाद साधारण साडेपाचवर. भाजी चिरताना सुरी घसरली की ओरखडा ठरलेला. देवघरात संगमरवर जरूर बसवा, पण जिथे रोज वरण-भाजी होते तिथे नको.

आपल्या घरांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. पाटा-वरवंटा आपल्याकडे बहुधा काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या कैरीची चटणी वाटली गेली, सावजी रश्श्याचा मसाला वाटला गेला. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घेत, पण आंबटानं तो खराब झाल्याची तक्रार कुणी केली नाही. बेसाल्टमधली मुख्य खनिजं म्हणजे प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन. दोन्ही सिलिकेट, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या आम्लांना ती दाद देत नाहीत, आणि कठीणतेत ती पोलादाच्या बरोबरीची किंवा थोडी वरचढ आहेत.

मग पश्चिम नागपुरात पायाखाली एवढा बेसाल्ट असताना आयलंड त्याचंच का करू नये? सीताबर्डीची टेकडी पाहा. लाव्हा जमिनीवर पसरून झपाट्यानं निवला, आकसताना त्याला भेगा पडल्या आणि आतले वायू पोकळ्या ठेवून गेले. साखरेचा पाक ताटात ओतून पटकन गार केला तर त्यात मोठे खडे धरत नाहीत. तोच पाक दोरा सोडून दिवसेंदिवस सावकाश निवू दिला की टपोरी खडीसाखर होते. लाव्हाचंही तसंच. तोच रस जमिनीखाली अडकून हजारो वर्षं निवला की खनिजांचे मोठे, एकमेकांत घट्ट गुंतलेले स्फटिक तयार होतात. पोकळ्या जवळपास नसतात, भेगा दूरदूर असतात, म्हणून दहा फुटांची अखंड लादी निघू शकते. हा दगड म्हणजे गॅब्रो; त्याहून बारीक कणांचा तो डोलेराइट. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकला जातो तो बहुतेक वेळा हाच. दक्षिणेतल्या खाणींतून येणारा हा दगड आपल्या पाट्याचाच खोलवर वाढलेला भाऊ आहे. आंध्रातल्या चिमकुर्तीची ‘ब्लॅक गॅलेक्सी’ याच कुळातली, आणि तिच्यातले सोनेरी ठिपके म्हणजे ब्रॉन्झाइट नावाच्या पायरॉक्सिनचे स्फटिक.

बेसाल्टच्या त्या पोकळ्याही रिकाम्या राहत नाहीत. पाण्याबरोबर आलेली खनिजं त्यात भरतात आणि त्यांत बरेचदा कॅल्साइट असतं. नागपूरच्या टाकळीतून असंच एक गर्द हिरवं कॅल्साइट मिळालं. डब्लिनच्या सॅम्युअल हॉटन यांनी १८५९ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं हिस्लोपाइट. हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते स्टीफन हिस्लॉप नागपूरकरांना कॉलेजच्या पाटीवरून ठाऊक आहेत, भूशास्त्रज्ञ म्हणून मात्र फारसे नाहीत. याची मला मनापासून खंत वाटते. १८४५ मध्ये हा स्कॉटिश मिशनरी नागपुरात आला. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह तो सीताबर्डी, टाकळी, कामठी, सिल्लेवाडा पायी धुंडाळत राहिला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म त्यांना सापडले. म्हणजे एक थर निवल्यावर इथे तळी साचली, त्यांत जीव वाढले आणि मग पुढचा लाव्हा आला! नागपूर परिसराच्या भूरचनेवरचा दोघांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये छापून आला. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून रात्री परतताना बोरीजवळच्या पुराच्या ओढ्यात हिस्लॉप बुडाले. दगडाला त्याच्या खनिजांवरून आणि थरांवरून ओळखण्याची शिस्त या शहराला त्यांच्या कामातून मिळाली. ती आपण दुकानातही वापरायला हवी.

कारण दुकानातल्या नावांवर भिस्त ठेवता येत नाही. ‘काश्मीर व्हाइट’ तामिळनाडूतून येतो आणि तो तेल-हळद सहज शोषतो. ब्राझीलचा ‘सुपर व्हाइट’ क्वार्टझाइट म्हणून विकला जातो, पण अनेकदा तो डोलोमाइटचा संगमरवर निघतो. रामटेक-देवलापार पट्ट्यातही असाच डोलोमाइटी संगमरवर आहे. त्याच्यावर आम्लाची क्रिया मंद होते, पण होते.

म्हणून जी लादी घ्यायची तिचाच कापलेला तुकडा मागून घरी आणा. पॉलिशवर लिंबाचे दोन थेंब दहा-पंधरा मिनिटं ठेवा, पुसा आणि तिरप्या उजेडात पाहा. चकाकी गेली तर कार्बोनेट. शेजारी हळद घातलेलं तेल रात्रभर ठेवा. मुरलं तर दगड सच्छिद्र. सुरीच्या टोकानं कडेला ओरखडून पाहा. ओरखडा उमटला तर दगड मऊ. काळ्या दगडावर ॲसिटोनचा बोळा फिरवा. तो काळा झाला तर दगड रंगवलेला आहे. आणि हिशेब आधी करा: सहा बाय तीन फुटांची, २० मिलिमीटर जाडीची गॅब्रोची लादी साधारण शंभर किलो भरेल. दगड दाब सोसतो, वाक सोसत नाही. खुर्च्यांच्या बाजूला लादी पुढे काढायची असेल तर खाली लोखंडी आधार हवा.

कृत्रिम ‘क्वार्ट्‌झ’चा सध्या फार गाजावाजा आहे. पण त्यात क्वार्ट्‌झची भुकटी धरून ठेवतं ते रेझिन, आणि गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवली तर ते करपतं. याहून गंभीर गोष्ट लादी कापताना उडणाऱ्या धुळीची आहे. त्या धुळीत सिलिका इतकी असते, की कापणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग होऊ लागला आणि ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून या लाद्यांवर बंदी घातली. खऱ्या ग्रॅनाइटमध्येही क्वार्ट्‌झ भरपूर असतं. गॅब्रोमध्ये ते नगण्य असतं, हे काळ्या दगडाच्या बाजूचं आणखी एक कारण. तरीही सिंकचं भोक पाडायला येणारा कारागीर कोरडं कटर चालवत असेल तर त्याला थांबवा. पाण्याची धार आणि नीट बसणारा मास्क असल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नका. सिलिकोसिस एकदा झाला की बरा होत नाही.

इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय याच शहरात आहे. इथल्या दगडाच्या दुकानांत तरी प्रत्येक लादीवर दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: दगड कोणत्या खनिजांचा आहे आणि तो कोणत्या गावच्या खाणीतून आला. गिऱ्हाइकांनी आग्रहानं विचारायला सुरुवात केली, तर दुकानदार ते लिहू लागतील.