दोन-आठनंतर दोन-दहा

बांगड्यांच्या दुकानात 2.8 च्या पुढचं माप असतं 2.10. शाळेतल्या दशांशाने बघितलं तर हे उलटं वाटेल, पण हा दशांश नाहीच! टिंबाआधी इंच आणि टिंबानंतर इंचाचे सोळावे भाग. म्हणजे 2.4 ची बांगडी आतून सव्वादोन इंच व्यासाची, 2.8 ची अडीच इंचांची आणि 2.10 ची त्याहून इंचाच्या आठव्या भागाने मोठी.

खरी बहार परिघात आहे. दर मापाला व्यास वाढतो 3.175 मिलिमीटर. त्याला पायने गुणा, येतात 9.97 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक सेंटीमीटर. म्हणून 2.4 चा आतला परीघ सुमारे 18 सेंटीमीटर, 2.6 चा 19, 2.8 चा 20 आणि 2.10 चा 21. अंगठा तळव्यात दुमडा, बोटं जुळवा, हाताच्या सर्वांत रुंद भागाभोवती दोरा गुंडाळून पट्टीवर मोजा. 19 आले तर बिनधास्त दोन-सहा मागवा.

बांगडी वाढली आणि हाती तुकडाच उरला, तरी माप सापडतं. तुकड्याच्या आतल्या कडेची दोन टोकं जोडणारी सरळ रेषा म्हणजे जीवा. तिच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची म्हणजे शर. अर्ध्या जीवेचा वर्ग करा, शराने भागा, उत्तरात शर मिळवा, की व्यास तयार. समजा जीवा 36 मिलिमीटर आणि शर 6. अठराचा वर्ग 324, भागिले 6 म्हणजे 54, अधिक 6, झाले 60. बांगडी दोन-सहाची! फुटक्या मडक्याच्या काठालाही हीच रीत लागू पडते.

ही रीत भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे, म्हणजे 1150 च्या सुमाराची. पायसाठी त्यांनी दोन किमती दिल्या: सूक्ष्म हिशेबाला 3927/1250, म्हणजे 3.1416, आणि रोजच्या व्यवहाराला 22/7. हा 22/7 आपल्या लाडक्या 3.14 पेक्षा खऱ्या किमतीच्या जास्त जवळ आहे, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. चाळीसगावजवळ पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. दहावीच्या भूमितीची सहल तिथे न्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता मैदानावर. 400 मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या लेनचा धावपटू पहिल्याच्या 7.04 मीटर पुढे उभा असतो. लेन 1.22 मीटर रुंद. पण पहिल्या लेनचं अंतर आतल्या कठड्यापासून 30 सेंटीमीटरवर मोजतात आणि बाकीच्यांचं आपापल्या आतल्या रेषेपासून 20 सेंटीमीटरवर, म्हणून त्रिज्येतला फरक 1.12 मीटर. दोन पाय गुणिले 1.12, आले 7.04. या हिशेबात वळण केवढं मोठं आहे, याचा संबंधच येत नाही. परिघातली वाढ ठरते ती फक्त त्रिज्येतल्या वाढीवरून.

याच नियमाचा हा भन्नाट नमुना बघा. पृथ्वीला विषुववृत्तावर सुमारे 40,000 किलोमीटरची दोरी घट्ट गुंडाळली आणि तिला फक्त एक मीटरची जोड दिली, तर ती सगळीकडे किती वर उचलली जाईल? तब्बल 16 सेंटीमीटर! मांजर आरामात खालून जाईल. टेनिसच्या चेंडूभोवतीच्या दोरीला एक मीटर जोडलं, तरी फट तेवढीच, 16 सेंटीमीटर.

क्षेत्रफळाची चाल वेगळी, ते त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. आतून एक इंच व्यासाच्या पाइपचं तोंड आतून अर्धा इंच व्यासाच्या चार पाइपांएवढं असतं. प्लंबरशी बोलताना हे लक्षात ठेवा.

आणि ताटाचा किंवा गोल फळीचा मध्य काढायचा असेल, तर कंपासपेटीतही शोधाशोध नको. कागदाचा काटकोनी कोपरा वर्तुळाच्या कडेवर टेकवा. कोपऱ्याच्या दोन्ही बाजू कडेला जिथे छेदतात, त्या खुणा जोडा. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, म्हणून ही रेषा व्यासच असणार. कोपरा दुसरीकडे टेकवून आणखी एक व्यास काढा. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतील, तिथे पेन्सिलीने टिंब द्या. केंद्र मिळालं.