वेगवान मोटारींचे आयुर्मान

मौजे महाळुंगे, तालुका मुळशी, हे मुळेकाठचे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत दाखल झाले. एका अंगास बालेवाडीचे क्रीडासंकुल आणि नदीपलीकडे हिंजवडीची संगणकनगरी, अशा या गावच्या नव्या गृहसंकुलांतून ज्यांना जलद मोटारीची हौस आहे आणि ती पुरविण्याची ऐपतही आहे, त्यांच्यापुढे गेल्या काही वर्षांत निवडीला चांगलाच वाव निर्माण झाला : याच जिल्ह्यात चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस, २०२१ पासून तेथेच जुळणी होऊ लागलेली मर्सिडीज-एएमजी ए ३५, आणि चेन्नईत जुळविली जाणारी बीएमडब्ल्यू एम ३४० आय.

ग्राहक पहिली चौकशी करतो ती ताशी शंभराचा वेग गाठण्यास लागणाऱ्या वेळाची. बीएमडब्ल्यूला ४.४ सेकंद लागतात, ए ३५ ला ४.८. इंजिन किती वर्षे इमानाने चाकरी करील, याचा मात्र यातून काहीच उलगडा होत नाही. जाणकार मंडळी म्हणून दुसरा हिशेब मांडतात : लिटरमागे अश्वशक्ती किती? व्हर्टसचे दीड लिटरचे इंजिन १५० अश्वशक्ती देते, म्हणजे लिटरमागे शंभर. बीएमडब्ल्यूचे तीन लिटरांचे ३८७, म्हणजे सुमारे १२९. एएमजीचे दोन लिटरांचे ३०६, म्हणजे दीडशेच्याही वर. लहान जागेतून जितकी अधिक शक्ती काढावी, तितका दाब आणि उष्णता अधिक, हे तर्काला धरून आहे. परंतु इतिहासाची साक्ष काढली तर एवढ्यावर विसंबता येत नाही.

२००७ च्या सुमारास तीन जर्मन कारखान्यांनी टर्बोरहित, आठ सिलिंडरांची इंजिने घातलेल्या तीन नामांकित मोटारी बाजारात आणल्या होत्या. ऑडी आरएस ४ मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाई, त्यामुळे आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह पेट्रोलने कधी धुतले जात नसत, त्यांवर काजळीचे थर चढत आणि शक्ती हळूहळू घटत असे. बीएमडब्ल्यू एम ३ चे इंजिन मिनिटाला आठ हजारांहून अधिक फेरे घेई. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये तेलाच्या पापुद्र्याला जागा फार थोडी, आणि वापरायचे तेल मात्र दाट, म्हणून ती बेअरिंगे अकाली झिजत. मर्सिडीज सी ६३ चे सव्वासहा लिटरांच्या घरातले इंजिन तर लिटरमागे जेमतेम ७४ अश्वशक्ती देई, म्हणजे तिघांत सर्वांत निवांत. तरीही त्याच्या सुरुवातीच्या इंजिनांत सिलिंडर-हेडचे बोल्ट गंजून तुटत, आणि कूलंट आत झिरपून इंजिनाचा घात होई. बोल्टासारखी क्षुल्लक वस्तू! माझ्या मते या तीन उदाहरणांपुढे अश्वशक्तीची सारी कोष्टके फिकी पडतात.

याउलट एम ३४० आय चे सहा सिलिंडरांचे इंजिन, जे २०१५ पासून उत्पादनात आहे, त्याचे सिलिंडर माथ्याशी भक्कम भिंतीने जोडलेले असून क्रँकशाफ्ट घडीव पोलादाचा आहे. विश्वासार्हतेचा लौकिक प्राणपणाने जपणाऱ्या टोयोटाने २०१९ च्या सुप्रासाठी हेच इंजिन घेतले, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

आता प्रश्न महाळुंग्याचा. सकाळी हिंजवडीपर्यंतचा अल्पसा प्रवास, तोही पहिल्या-दुसऱ्या गियरात, थांबत-थांबत. अशा वापरात इंजिन ऑइल नीट तापत नाही, न जळलेले पेट्रोल त्यात उतरते, तेल पातळ होते आणि व्हॉल्व्हवरील काजळी वाढते. वरच्या गियरात, मंद फेऱ्यांवर एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यास टर्बो इंजिनात ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. तो टाळणारी तेलाची प्रत आता ठरवून दिलेली आहे, तेव्हा गॅरेजवाला डब्यातून काय ओततो ते पाहण्यात संकोच नसावा. व्हर्टसच्या स्वयंचलित गियरबॉक्समधील कोरड्या क्लचनाही अशा कोंडीत तापण्याचा जाच होतो.

जुनी मोटार घेताना सर्व्हिसिंगची संपूर्ण दप्तरे मागावीत, आणि तेल किलोमीटरवर नव्हे तर महिन्यांच्या मुदतीवर बदलले आहे की नाही, ते बारकाईने तपासावे. ज्याची मोटार आठवडाभर हिंजवडीच्या कोंडीतच फिरते, त्याने सुट्टीच्या दिवशी ती द्रुतगती मार्गाने लोणावळ्यापर्यंत न्यावी. ताशी शंभराच्या कायदेशीर मर्यादेतही तेल पुरेसे तापते, आणि त्यात मिसळलेले पेट्रोल व पाणी बव्हंशी उडून जाते.