चाकांवर घर, डब्यात बट्टी: खान्देश ते कच्छचं रण

कॅराव्हॅन म्हणजे अंथरूण, शेगडी आणि न्हाणी सोबत घेऊन धावणारं घर. जळगाव-धुळ्याकडचं अख्खं कुटुंब अशा घरात बसून कच्छच्या रणात तंबूमुक्कामाला निघालं, तर वाटेत काय काय भेटेल? ही घ्या यादी!

पहिला मान पोपटाचा
हौसेखातर बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून 1885 सालच्या ‘वाँडरर’चं नाव घेतात. ती ओढायला दोन घोडे होते. मालक डॉ. गॉर्डन स्टेबल्स सोबत कुत्रा आणि काकाकुवाही घेऊन इंग्लंडहून स्कॉटलंडला गेले.

आपलं घर घोड्यावर
धुळे-साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ तर पिढ्यान्‌पिढ्या असंच जगतात. भांडीकुंडी, अंथरूण, कोंबड्या, सगळं घोड्याच्या पाठीवर. जिथे मेंढरं बसली, तिथे वाडा.

सरकारही सोबत
कॅराव्हॅन पर्यटनासाठी महाराष्ट्राने 2021 मध्ये स्वतंत्र धोरण आणलं.

धुळ्याचा चौक आशियाचा
मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात भेटतात. आशियाई महामार्गांच्या नकाशावर ते एएच 47 आणि एएच 46 आहेत. रणाकडे जायचं, तर इथून सुरतेची वाट धरायची.

एक बाक, दोन राज्यं
वाटेत नवापूर लागतं. तिथलं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. सीमारेषेवरच्या बाकावर आई एका राज्यात, लेक दुसऱ्या राज्यात!

शिदोरी वाळवंटाला साजेशी
शेवभाजीला ताजी भाजी लागतच नाही. काळ्या मसाल्याचा तिखट रस्सा उकळला, वरून शेव पेरली की झालं. बिबडे मुळात वाळवलेलेच. आपली बट्टी वाफवून तळलेली, राजस्थानची बाटी निखाऱ्यावर भाजलेली, दोघी बहिणीच. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं. दोन वांगी सोबत असू द्या, शेकोटीवर भाजता येतील.

पांढरं ते मीठ
पावसाळ्यात रणात समुद्राचं पाणी शिरतं. ते आटलं की मिठाचा थर उरतो. म्हणून तंबूंचा हंगाम हिवाळ्यात, धोरडो गावाजवळ. जागतिक पर्यटन संघटनेने 2023 मध्ये या गावाचा उत्कृष्ट पर्यटन गावांत समावेश केला. उन्हाळ्यात 45 अंश सोसणाऱ्या जळगावकरांनो, स्वेटर विसरू नका! रणात रात्री कडाक्याची थंडी पडते.

दत्तापासून दत्तापर्यंत
तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. तिकडे रणाच्या कडेला सुमारे 460 मीटर उंचीचा काळा डुंगर आहे. त्याच्या माथ्यावरही दत्तच! तिथला प्रसाद रानातल्या कोल्ह्यांना घालतात.

दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला आणि रण सर्वांत देखणं दिसतं तेही पौर्णिमेच्या चांदण्यात. तेव्हा मार्गशीर्षात सारंगखेड्याला नमस्कार करा आणि पौष पौर्णिमेला रण गाठा. पाण्याची टाकी भरून न्या, कचरा मात्र परत आणा. त्या पांढऱ्या मिठावर आपल्या पावलांखेरीज काही मागे राहू देऊ नका.