पफर मासा घरी आणायचाय? आधी त्याचं पूर्ण नाव विचारा

हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी खास.

आजचा विषय आहे पफर मासा. रीलमध्ये तुम्ही त्याला नक्की पाहिलं असेल. गोल पोट, हेलिकॉप्टरसारखा जागच्या जागी तरंगणारा, एक डोळा तुमच्याकडे आणि दुसरा भलतीकडे. कोकणात याच्या समुद्रातल्या भाईबंदांना केंड म्हणतात आणि मच्छीमार त्याच्या नावाने बोटं मोडतात, कारण त्याचे दात जाळी कुरतडतात. हे दात लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

‘गोड्या पाण्यातला पफर’ म्हणजे नेमका कोणता?

दुकानदार ‘फ्रेशवॉटर पफर’ म्हणून जे देतो, ते तीन अगदी वेगळे मासे असू शकतात.

पहिला, हिरव्या अंगावर काळे ठिपके असलेला ग्रीन स्पॉटेड. दुकानात तो अंगठ्याएवढा असतो आणि गोड्या पाण्यात काही दिवस मजेत राहतो. पण हा मुळात खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातला मासा. तो वाढतो वीतभर, आणि वाढतो तसं त्याला खारं पाणी लागतं. गोड्या पाण्यात ठेवला तर हळूहळू खंगतो, आणि आपल्याला वाटतं की मासाच नाजूक होता.

दुसरा, फहाका. हा नाईल नदीतला आणि पश्चिम आफ्रिकेतला, खरोखर गोड्या पाण्याचा. पण लांबी 40 सेंटीमीटरच्या पुढे जाते आणि टँकमध्ये दुसरं कोणी चालत नाही. वन बीएचकेमध्ये याचा विचारही नको.

तिसरा, पी पफर. वाटाण्याएवढा म्हणून हे नाव. पूर्ण वाढ झाली तरी जेमतेम 3 सेंटीमीटर, आणि आयुष्यभर गोड्या पाण्यात. घरच्या टँकसाठी खरा पर्याय हाच.

म्हणून दुकानात किंमत नंतर विचारा, आधी नाव विचारा. उत्तर ‘पफर आहे ना, चालतो सगळ्यात’ असं आलं, तर फोनवर फोटो शोधा आणि स्वतः ताडून पाहा.

टँक आधी, मासा नंतर

एका पी पफरला किमान 20 लिटर पाणी हवं. चार-पाच ठेवायचे असतील तर 50-60 लिटर धरा. आकार बघून फसू नका, स्वभावाने हा दादा आहे. नर एकमेकांच्या मागे लागतात, म्हणून झाडं, लाकूड, दगड असे भरपूर आडोसे द्या. एकाला दुसरा सतत दिसता कामा नये. वयात आलेल्या नराच्या पोटाखाली गडद रेघ दिसते, मादी जास्त गोलसर असते. एका नरामागे दोन-तीन माद्या असल्या तर भांडणं कमी होतात. गप्पी, बेटा यांच्यासोबत ठेवू नका. त्यांच्या लांब शेपट्या शिल्लक राहणार नाहीत.

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी आहेत. फिल्टरमध्ये हे जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टेस्टिंग न करता कोड लाइव्ह केला तर काय होतं, ते आमच्या क्षेत्रातल्या लोकांना सांगायला नको. इथे तर रोलबॅकही नसतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्याशिवाय मासा आणू नका. पफरला खवले नसतात, त्यामुळे खराब पाणी आणि औषधं दोन्ही त्याला लवकर बाधतात.

तापमान 24 ते 28 अंश. दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायचं औषध न विसरता टाका.

याला कोरडा खाऊ चालत नाही

गोळ्या आणि फ्लेक्स तो बहुतेक वेळा तोंडातून थुंकतो. फ्रोझन ब्लडवर्म, जिवंत डासांच्या अळ्या आणि छोट्या गोगलगाई हे त्याचं जेवण. ते दात आठवले? शिंपले फोडण्यासाठी बनलेले ते दात सतत वाढतात आणि कडक शंख चावूनच झिजतात. एका बरणीत टँकमधल्या छोट्या गोगलगाई वाढवल्या की महिन्याचं रेशन घरीच तयार.

आणि एक विनंती. व्हिडिओसाठी त्याला फुगवू नका. फुगणं म्हणजे त्याचा जीव घाबरलाय. पाण्याबाहेर तो हवा गिळून फुगला, तर ती बाहेर काढणं त्याला जड जातं. एका टँकमधून दुसरीकडे नेताना जाळी नको, पाण्यासकट कपात घ्या.

हा मासा येतो कुठून?

हे ऐकून खूप जण चकित होतात. ‘इम्पोर्टेड’ वाटणारा हा मासा आपल्याच पश्चिम घाटातला आहे, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधला. 1941 मध्ये होरा आणि नायर यांनी त्रावणकोरच्या पंबा नदीतल्या माशावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नावातही त्रावणकोर आहे, कॅरिनोटेट्राओडॉन त्रावणकोरिकस. जगात दुसरीकडे तो निसर्गात सापडत नाही, आणि आययूसीएनच्या लाल यादीत तो ‘व्हल्नरेबल’ आहे, म्हणजे धोक्याच्या यादीत. कारणांमध्ये नद्यांची बिघडलेली अवस्था आहे, तशी अ‍ॅक्वेरियमसाठी होणारी पकडही आहे. 2005 ते 2012 या काळात भारतातून धोक्यात असलेल्या जातींचे 15 लाखांहून जास्त मासे निर्यात झाल्याची नोंद आहे, आणि त्यात पी पफर आघाडीवर होता.

दुकानात दिसणारे पी पफर बऱ्याचदा थेट नदीतून पकडलेले असतात. त्यांच्या पोटात जंत असू शकतात. पोट आत गेलेला, कोपऱ्यात निपचित पडलेला मासा दया येऊन उचलू नका. त्याच्या जागी दुकानात उद्या दुसरा येतो. दुकानदाराला समोर ब्लडवर्म घालायला सांगा. झडप घालून खाणारा, डोळे फिरवणारा, गोल पोटाचा मासा निवडा आणि दोन-तीन आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा.

त्याहून चांगलं म्हणजे घरी पैदास केलेले मासे शोधा. पी पफर घरच्या टँकमध्ये, दाट शेवाळात अंडी घालतो. म्हणजे हौशी लोकांकडून पिल्लं मिळू शकतात. थोडं थांबावं लागेल, पैसे थोडे जास्त जातील. पण नदीतला एक मासा नदीतच राहील.

आणि उद्या कंटाळा आला म्हणून तलावात किंवा विहिरीत सोडू नका. दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

टँक तयार करत असाल तर पहिल्या आठवड्याचे टेस्टचे आकडे पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत, पाणी बदलत राहा!