पात्याचे पाणी जोखायचे कसे?

सोयाबीन पिवळे पडू लागले की हिंगोली जिल्ह्यातील लोहारांच्या भात्यांना उसंत उरत नाही. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे, कयाधू नदीच्या परिसरातील नरसी नामदेव हे गाव याच पट्ट्यातले. सोंगणीच्या तोंडावर अशा गावांत विळे पाजवून घ्यायचे असतात, मोडक्या कोयत्यांना नवी धार द्यायची असते. पाराजवळ किंवा बाजारतळावर घिसाड्यांचे पाल पडते. पुरुष सांडशीत लाल लोखंड धरतो आणि घण बहुधा त्याची पत्नी घालते. शहरी माणूस या दृश्याकडे कौतुकाने पाहतो खरा, पण त्या ऐरणीवरून उतरलेले पाते चांगले की सुमार, हे मात्र त्याला सहसा सांगता येत नाही.

परदेशात हातघडणीच्या सुऱ्यांची पारख हा एक स्वतंत्र छंद आहे आणि त्यात ‘बोवी’ सुऱ्याचा मान मोठा. अमेरिकेतील जेम्स बोवी याने १८२७ साली नॅचेझ गावानजीक मिसिसिपीच्या वाळवंटावर झालेल्या झटापटीत एक मोठा सुरा वापरला आणि त्या सुऱ्याचे नाव देशभर झाले. १८३६ मध्ये अलामोच्या लढाईत बोवी मारला गेला. मूळ सुरा नेमका कसा होता, यावर आजही वाद आहेत. पण पुढे ‘बोवी’ म्हणून रूढ झालेला आकार सर्वांच्या ओळखीचा आहे. लांब, रुंद पाते, मुठीपाशी आडवी पट्टी, आणि टोकाकडे पाठ किंचित खोलगट कापून घेतलेली. या कापामुळे टोक खाली, पात्याच्या मध्यरेषेजवळ येते. साहजिकच ते अणकुचीदार होते आणि भोसकण्याच्या कामी नेमके लागते. खालच्या बाजूचा फुगीर बाक मात्र कातडे सोलायला आणि मांस कापायला शाबूत राहतो. एकाच हत्यारात दोन कामे बसवण्याची ही युक्ती. एकोणिसाव्या शतकात अशा सुऱ्यांची मागणी इतकी वाढली की इंग्लंडमधील शेफील्डचे कारखाने ते बनवून अमेरिकेला पाठवू लागले.

पात्याचा आकार त्याच्या कामातून येतो, हे सूत्र आपल्याकडेही तितकेच लागू पडते. विळ्याचा बाक पिकाची मूठ पात्याच्या पोटात ओढून घेतो, म्हणून त्याची धार आतल्या बाजूला. कोयता झटक्याने तोडण्यासाठी, म्हणून त्याचे वजन पुढे. कट्यारीचे टोक चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी पुष्कळदा मुद्दाम जाड ठेवलेले असे. बिचव्याला दुहेरी बाक असतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रांबरोबर अडकित्तेही पाहायला मिळतात; दोन पात्यांची ही घरगुती जोडी घडवणाऱ्याचा हात तलवार घडवणाऱ्यापेक्षा कमी कसबी होता, असे म्हणवत नाही.

हा आकार ऐरणीवर येतो कसा? गावच्या लोहाराचा आवडता माल म्हणजे ट्रकचा मोडका कमानपाटा. या स्प्रिंगच्या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो, त्यामुळे ते तापवून विझवले की कडक होते. दुकानात मिळणाऱ्या साध्या पट्टीत कार्बन फारच कमी. तिच्यावर धार चढते, पण टिकत नाही. पाटा तापवून आधी त्याची लांबी काढली जाते, मग धारेची बाजू ठोकून पातळ केली जाते. खरी परीक्षा येथे होते. धारेकडची बाजू ठोकली की ती लांबते, पाठ मात्र तेवढीच राहते. परिणामी सरळ पट्टी पाठीच्या दिशेने वाकू लागते. जाणता कारागीर ही गोष्ट आधीच हिशेबात धरतो आणि पट्टीला सुरुवातीलाच उलट, धारेच्या बाजूला बाक देऊन ठेवतो. धार ठोकता ठोकता ती आपोआप सरळ येते. विळ्यात तर धार आतल्या बाजूला असल्यामुळे लोहाराला लोखंडाशी प्रत्येक घावाला झगडावे लागते.

त्यानंतर ‘पाणी’. पोलाद सुमारे आठशे अंशांपर्यंत तापवून एकदम विझवले की ते काचेसारखे कठीण आणि तितकेच ठिसूळ होते. लोहाराकडे तापमापक नसतो. तो रंगावर चालतो. म्हणूनच भट्टी बहुधा सावलीत असते, कारण भर उन्हात लालीची छटा कळत नाही. विझवलेल्या पात्याचा ठिसूळपणा घालवण्यासाठी ते पुन्हा मंद तापवतात. घासून उजळलेल्या भागावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो. पिवळ्यावर थांबले तर धार कडक राहते, निळ्यापर्यंत गेले तर पाते लवचिक होते. कोठे थांबायचे, हे हत्यार ठरवते. कित्येक लोहार पाणी फक्त धारेलाच देतात आणि पाठ मऊ ठेवतात. नेपाळी खुकरीच्या धारेवर किटलीतून पाण्याची धार सोडतात, ती याचसाठी. १९७६ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी आपल्या उमेदवारांकडून हीच गोष्ट सिद्ध करून घेते. एकाच सुऱ्याने लोंबता दोर एका घावात कापायचा, लाकडी फळ्या तोडायच्या, त्याच धारेने हातावरचे केस उतरवायचे, आणि शेवटी ते पाते शिकंज्यात धरून नव्वद अंशांपर्यंत वाकवायचे. तुकडा पडता कामा नये.

मराठवाड्याला ही विद्या नवी नाही. १९५६ पर्यंत हा भाग ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच राज्यातील, आज तेलंगणात असलेल्या कोनासमुद्रम आणि निर्मळ परिसरात मुशीत वितळवलेले ‘वुट्झ’ पोलाद तयार होत असे. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेल्या या पोलादाच्या वड्यांना इराणपर्यंत मागणी होती. मायकेल फॅरेडे याने १८१९च्या सुमारास त्याचे रहस्य शोधण्याचा प्रयत्न केला होता.

आता पारख. पाते डोळ्यांसमोर आडवे धरून पाठीवरून टोकाकडे पाहावे. हातघडणीचे पाते मुठीपाशी जाड आणि टोकाकडे क्रमाने पातळ होत जाते; पत्र्यातून छापून काढलेल्या पात्याची जाडी बहुधा सर्वत्र सारखी असते. धारेवर उजेड पाडून पाहावे. जेथे चकाकणारी रेघ दिसते, तेथे धार बोथट आहे. नखाने टिचकी मारली असता भेगा नसलेले पाते लांबलचक निनादते. मूठ हलली, तर पाते कितीही चांगले असो, बोटांची खैर नाही. चकाकी मात्र अजिबात पाहू नये, ती कोणीही आणू शकतो.

किमतीची गंमत वेगळीच. ‘हँडमेड’ असा शिक्का असलेला परदेशी सुरा कित्येक हजारांना आनंदाने घेतला जातो आणि बाजारतळावर विळ्यासाठी दहा-वीस रुपयांची घासाघीस होते. हार्वेस्टर आले, तयार विळे दुकानांत टांगले गेले. भटक्या विमुक्तांत मोडणाऱ्या घिसाड्यांच्या नव्या पिढीला कोळसा, उन्हातान्हातील पाल आणि अनिश्चित गिऱ्हाईक यांचा कंटाळा आला, तर दोष कोणाला द्यावा? रंग पाहून विझवण्याची ती नजर मात्र पुस्तकात सापडत नाही.

हौसेने मोठा सुरा घडवून घेणाऱ्यांनी कायदाही लक्षात ठेवावा. शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत मोडतात; घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. स्वयंपाकघरातील सुरी वा विळीला ही अडचण नाही. तिला अडचण गंजाची. लिंबू किंवा कांदा चिरल्यावर ती तशीच ठेवली तर तासाभरात काळे डाग पडतात. लगेच धुऊन, कोरडी पुसून, खोबरेल तेलाचे बोट फिरवले की ती काळवंडली तरी गंजत नाही, आणि तिचे पाणी वर्षानुवर्षे टिकते.