अंगण सोडताना

घर बदलायचं म्हटलं की माणूस आधी कपाटं मोजतो, मग भांडी, मग पुस्तकं. ट्रक दारात लागला की कुणाच्या तरी लक्षात येतं, ‘अरे, झाडांचं काय?’ मग जी घाई होते, तिच्यात झाडं मरतात. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या हातून एक झाड असंच गेलं आहे.

२००१ सालची गोष्ट. नोकरीत बदली झाली होती. भाड्याच्या घरामागे मी लावलेला कढीपत्ता सहा वर्षांत माझ्या डोक्यावर गेला होता. घरमालक भला माणूस. म्हणाला, ‘तुम्ही लावलाय, तुम्हीच न्या.’ मे महिना, भर दुपार. पहार घेऊन खणायला लागलो. सोटमूळ खोल गेलेलं, हलेना. शेवटी कोयत्यानं तोडलं. झाड सामानावर आडवं बांधलं आणि सहा तास उन्हावाऱ्यातून नेलं. नव्या जागी खड्डा, शेणखत, बादल्यांनी पाणी, सगळं केलं. आठवड्यात पानं गळली. पंधराव्या दिवशी नखानं साल खरवडून पाहिली, तर आत हिरवं काही नव्हतं.

अम्मा तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. तिनं त्या काटकीकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘तू झाड नाही आणलंस बाबा, खांब आणलास. झाड तिथंच राहिलं.’

तिला शाळेची चौथी यत्ताही पाहता आली नव्हती, पण बोलली ते शास्त्राला धरून होतं. झाडाला पाणी पाजतात ती जाडजूड मुळं नव्हेत. पाणी शोषतात टोकाकडची केसासारखी बारीक मुळं, आणि ती खोडापासून लांब पसरलेली असतात. आपण खणतो तेव्हा जाड मुळं हाती येतात, बारीक मुळं मातीत तुटून राहतात. वर पानं मात्र पहिल्यासारखीच हवेत पाणी सोडत असतात. आवक बंद, खर्च चालू. उन्हाळा असेल आणि वरून ट्रकचा वारा असेल, तर दिवाळं निघायला आठवडा पुरतो.

म्हणून न्यायचं की ठेवायचं, हे ठरवताना झाडांचे तीन गट करावेत.

पहिला गट कुंडीतल्या झाडांचा. त्यांची मुळं कुंडीतच असल्यानं ती सुखानं प्रवास करतात. आदल्या रात्री पाणी द्यावं. निघताना देऊ नये. चिखल झाला की माती हलते आणि कुंडी जडही होते. फार वाढलेल्या फांद्या छाटाव्यात, गाडीत वारा लागणार नाही अशा जागी कुंड्या ठेवाव्यात. पण त्याआधी नव्या घरात ऊन कुठे पडतं ते पाहून यावं. मोगरा, गुलाब, जास्वंद यांना काही तास सरळ ऊन हवं. उत्तरेच्या गॅलरीत ती हिरवी राहतील, फुलणार नाहीत. अशी झाडं शेजाऱ्याला दिलेली बरी. जास्वंदीच्या पानांची खालची बाजूही तपासावी. पिठ्या ढेकूण असेल तर तोही बिनभाड्यानं येतो आणि नव्या घरातल्या सगळ्या कुंड्यांवर पसरतो.

दुसरा गट जमिनीतल्या लहान झुडपांचा. ती हलवता येतात, पण पावसाळ्याच्या तोंडाशी आणि संध्याकाळच्या वेळी. एक-दोन महिने आधी झुडपाभोवती अर्ध्या वर्तुळाचा चर खणून बाहेरची मुळं तोडावीत आणि चर मातीनं भरून घ्यावा. आतल्या बाजूला नवी बारीक मुळं फुटतात. मग काढताना मातीचा गोळा फुटू न देता तो गोणपाटात घट्ट बांधावा. नव्या जागी आठ-दहा दिवस सावलीत ठेवावं आणि खताची घाई करू नये. आजारातून उठलेल्याला आपण पुरणपोळी वाढत नाही, तसंच हे.

तिसरा गट मोठ्या झाडांचा. ती न्यायचा हट्ट धरू नये. इथे कायद्याचीही एक गोष्ट सांगायला हवी. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम जमिनीत रुजलेलं झाड-झुडूप जमिनीचाच भाग मानतो. वेगळं काही ठरलं नसेल तर जमिनीबरोबर तेही विकलं जातं. म्हणून एखादं झुडूप न्यायचं असेल तर साठेखताच्या आधीच बोलून, लिहून घ्यावं. भाडेकरूला, करारात वेगळं काही नसेल तर, स्वतः लावलेलं काढून नेता येतं. मात्र जागेचा ताबा सोडण्याआधी, आणि जागा होती तशी करून. शहरांमध्ये १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

हे सगळं मी शिकलो, पण त्याची खरी परीक्षा २०२३ साली झाली. अम्मा २०१९मध्ये गेली. मिरजेचं आमचं घर चार भावंडांत कुणालाच ठेवता येईना. विकायचं ठरलं. अंगणात तिनं लावलेलं डाळिंब होतं. फळ मोठं नव्हे, दाणे फिके, चव आंबटगोड. बाजारात कुणी घेतलं नसतं. पण रमजानात इफ्तारच्या ताटात त्याचे चार दाणे असावेत, असा तिचा आग्रह असे. घर घेणाऱ्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं, ‘इथे इमारत होणार. झाड राहील असा शब्द आम्ही देत नाही.’ आपा म्हणाली, ‘काहीही कर, पण हे झाड ने.’ भाईजान म्हणाले, ‘कढीपत्त्याचं केलंस तेच करणार का?’ दोघांचंही बरोबर होतं.

मी एका जुन्या नर्सरीवाल्याकडे गेलो. तो हसला. म्हणाला, ‘न्यायचं की ठेवायचं, असं का विचारता? दोन्ही करा. गुटी बांधा.’

गुटी म्हणजे झाडावरच्या फांदीला झाडावर असतानाच मुळं फुटवणं. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची निरोगी फांदी निवडायची. तिच्यावरची इंच-दीड इंच साल गोलाकार काढायची. उघड्या भागाला ओलं शेवाळ लपेटून वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळायचा आणि दोन्ही टोकं सुतळीनं घट्ट बांधायची. पाणी लाकडाच्या आतून वर चढतं, ते चालूच राहतं. पानांनी तयार केलेलं अन्न मात्र सालीतून खाली उतरतं, ते कापलेल्या जागी अडतं. तिथे साठतं आणि तिथूनच मुळं फुटतात. दीड-दोन महिन्यांत कागदातून पांढरी मुळं दिसू लागली, की खालून फांदी कापून कुंडीत लावायची. सोलापूर-सांगलीकडच्या डाळिंबाच्या बागा अशाच गुटीच्या रोपांवर उभ्या आहेत.

यातली मोठी गोष्ट अशी, की बियांपासून आलेलं रोप हे झाडाचं अपत्य असतं. त्याचं फळ वेगळं निघू शकतं. गुटीचं रोप म्हणजे तेच झाड. तोच दाणा, तीच चव.

जुलैत मी सहा गुट्या बांधल्या. चार धरल्या. आम्ही भावंडंही चारच. दिवाळीनंतर घराचा ताबा दिला, तेव्हा चौघांच्या हातात एकेक कुंडी होती. मूळ झाड तिथेच ठेवलं. निघताना भाईजाननी त्याला बादलीभर पाणी घातलं. कुणी काही बोललं नाही.

एक गोष्ट मात्र नेता येण्यासारखी नव्हती, ती म्हणजे अम्माची कबर. आमच्याकडे कबरीवर सब्जा पेरतात. तुळशीच्याच कुळातला, तसाच सुवासिक. तो तेव्हा वाळत आला होता. मी तुरे चोळून चिमूटभर बी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून खिशात टाकलं. आमच्या जुन्या शेजारीण काकूंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, ‘मुलाकडे फ्लॅटवर गेले तेव्हा मीही तुळशीच्या मंजिऱ्या पदरात बांधून नेल्या होत्या. वृंदावन कुठून नेणार?’

तेव्हा घर सोडायचं ठरलं, की पॅकिंगच्या खोक्यांआधी झाडांकडे बघा. निदान तीन महिने आधी, आणि मध्ये पावसाळा सापडला तर उत्तमच. फांदी, कंद, बी, जे नेता येईल ते न्या. उरलेलं झाड ज्यांच्या स्वाधीन करता, त्यांना ते कशाचं आहे, कधी फळतं आणि पाणी किती लागतं, एवढं सांगून या.

माझ्या गॅलरीतल्या कुंडीत डाळिंबाला गेल्या वर्षी तीन फळं धरली. दोन गळून पडली. एक टिकलं. आपा मुद्दाम आली होती. तिनं दाणा तोंडात टाकला, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, ‘आंबटच आहे रे अजून.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)